त्यांचा वाटा आणि गावाचा वाटा



आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, ते आपल्या मुलखातले नाहीत. अमेरिकेतले कपड्यांचे व्यापारी, धर्माने ज्यू, पाच मुलांचे वडील. नाव ज्यूलियस रोझेनवाल्ड. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जवळपास पाच हजार शाळा शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत उभ्या राहिल्या. पण त्या शाळांचा हिशोब उघडून पाहिला की एक वेगळीच गोष्ट दिसते. ज्या गरीब लोकांच्या लेकरांसाठी शाळा बांधल्या, त्या लोकांनी त्या धनिकापेक्षा जास्त पैसे घातले होते. हे कसं घडलं आणि हे बरं झालं का, यावर आमच्या गटात दोन बैठका रंगल्या. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

ज्यू म्हटलं की अलिबाग-रेवदंड्याकडच्या बायांना बेने इस्रायल आठवतील. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली असं नाव दिलेलं. रोझेनवाल्ड त्याच धर्माचे, पण त्यांचं घराणं जर्मनीतलं. वडील सॅम्युएल तरुणपणी अमेरिकेत आले आणि पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार फेरीने माल विकू लागले. पुढे इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्ड नावाच्या गावी त्यांनी कपड्याचं दुकान टाकलं. अब्राहम लिंकन, ज्यांच्या काळात अमेरिकेतली गुलामी संपली, त्यांचं राहतं घर याच गावात होतं. ज्यूलियस यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ चा, लिंकनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

शाळा त्यांनी सोळा-सतराव्या वर्षी सोडली आणि न्यूयॉर्कला मामांच्या कपड्याच्या धंद्यात कामाला लागले. तिथे भावाबरोबर टाकलेलं स्वतःचं दुकान फारसं चाललं नाही. मग शिकागोला आले आणि पुरुषांचे तयार कपडे शिवून घेऊन विकू लागले. १८९० मध्ये ऑगस्टा नुसबाउम यांच्याशी लग्न झालं. लेसिंग, अडेल, ईडिथ, मॅरियन आणि विल्यम अशी पाच मुलं झाली.

नशीब उघडलं ते बायकोच्या भावामुळे. ऑगस्टाबाईंचे भाऊ आरन नुसबाउम यांनी १८९५ मध्ये सिअर्स नावाच्या एका छोट्या टपाल कंपनीत भागी घ्यायची ठरवली आणि मेहुण्याला बरोबर घेतलं. दोघांनी मिळून पंचाहत्तर हजार डॉलरला निम्मी कंपनी घेतली. पुढे सहा वर्षांत मेहुण्या-मेहुण्यांचं बिनसलं. नुसबाउमना मोठी रक्कम देऊन कंपनीतून बाहेर केलं आणि दोन घरांतलं जाणं-येणं तुटलं. एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ. ऑगस्टाबाई नवऱ्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. पण ती वर्षं त्यांनी कशी काढली असतील, ते आपल्यातल्या पुष्कळजणी न सांगता जाणतील.

ही कंपनी काय करायची? जाडजूड सूचीपुस्तक छापून ते घरोघर टपालाने पाठवायची. पुस्तकात हजारो वस्तूंची चित्रं आणि त्यांच्यापुढे किमती. शिवणयंत्रं, कापड, चुली, घड्याळं, नांगर, औषधं. बाईने चित्र बघायचं, कागदावर मागणी लिहायची, पैसे पाठवायचे आणि माल घरी यायचा. पसंत पडला नाही तर पैसे परत. रिचर्ड सिअर्स यांना जाहिराती लिहिण्याचं वेड होतं. कधी कधी मालापेक्षा जाहिरातच भारी असायची. रोझेनवाल्डनी कारभारात शिस्त आणली. जे छापलंय तेच ग्राहकाला मिळालं पाहिजे, मागणी वेळेत गेली पाहिजे. १८९५ मध्ये कंपनीची विक्री साडेसात लाख डॉलरच्या आसपास होती. १९०७ मध्ये ती पाच कोटींच्या घरात गेली. १९०८ पासून ते कंपनीचे अध्यक्ष झाले.

या सूचीपुस्तकाचा एक उपयोग कंपनीने ठरवून केलेला नव्हता, तरी तो झाला. अमेरिकेच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय लोक बटईने कापूस पिकवत. जमीन गोऱ्या मालकाची, आणि किराण्याचं दुकानही बहुतेक वेळा त्याचंच किंवा त्याच्या भाईबंदाचं. माल उधारीवर घ्यायचा, भाव दुकानदार लावेल तो. गोरी गिऱ्हाइकं आटपेपर्यंत काळ्या बाईने बाजूला उभं राहायचं आणि दाखवतील ते कापड घ्यायचं. टपालाने माल मागवला तर कागदावर कातडीचा रंग दिसत नाही. जो भाव गोरीला तोच काळीला. दुकानदारांना हे खुपलं, आणि काही गावांत तर ही सूचीपुस्तकं चौकात जाळली गेली.

आता एक खटकणारी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण नुसती आरती ओवाळायला आम्ही बसलेलो नाही. १९१३ मध्ये इलिनॉय राज्याच्या एका चौकशी समितीपुढे रोझेनवाल्डना उभं राहावं लागलं. शिकागोत मोठ्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्या मुलींना इतका कमी पगार का, त्यामुळे मुली वाईट मार्गाला लागतात का, असा समितीचा सवाल होता. सिअर्समध्ये लहान वयाच्या मुलींना आठवड्याला पाच डॉलर मिळत. कमी पगाराचा आणि मुलींच्या वाईट मार्गाला लागण्याचा काही संबंध नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याच वेळी त्यांची कंपनी लाखोंनी नफा कमवत होती. आम्हाला हे उत्तर पटलं नाही. तीन वर्षांनी, १९१६ मध्ये, त्यांनी कामगारांसाठी बचत आणि नफ्यातल्या वाट्याची योजना सुरू केली. कामगाराने पगारातले पाच टक्के टाकायचे, कंपनीने नफ्यातले पाच टक्के टाकायचे. चांगलं केलं. पण पाच डॉलरवर राबणारी ती पोरगीही आम्हाला विसरता येत नाही.

दानाची ओढ त्यांना धर्मातून लागली. शिकागोच्या सिनाई सभेचे धर्मगुरू एमिल हर्श यांची प्रवचनं ते नेमाने ऐकत. ज्यू लोकांत दानाला जो शब्द आहे, तो ‘न्याय’ या अर्थाच्या मुळापासून आला आहे. गरिबाला देणं हे उपकाराचं नसून देण्याचं, म्हणजे कर्ज फेडल्यासारखं काम. त्यांच्यातल्या मायमोनिडीस नावाच्या जुन्या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यातली सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला अशी मदत करणं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये.

तेव्हा रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले होत होते, माणसं मारली जात होती. रोझेनवाल्ड त्यांच्यासाठी पैसे पाठवत. आणि १९०८ मध्ये त्यांच्याच जन्मगावी, लिंकनच्या त्या स्प्रिंगफील्डमध्ये, गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची घरं जाळली, दोघांना ठार मारलं. रशियात आपल्या लोकांवर जे चाललंय तेच इथे आपल्या दारात चाललंय, हे त्यांना दिसलं. दुसऱ्याचं दुखणं स्वतःच्या दुखण्यावरून ओळखणारी माणसं थोडी. पुष्कळांचं मन स्वतःच्या जातीपाशीच थांबतं.

अमेरिकेतल्या गुलामांची कहाणी महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केलं होतं. तिथली गुलामी कायद्याने १८६५ मध्ये संपली. पण त्यानंतर सुटलेल्या लोकांच्या लेकरांचं काय झालं, ते आपण फारसं ऐकलेलं नाही. त्यांना वेगळ्या शाळा होत्या, त्याही नावापुरत्या. गोऱ्या मुलांसाठी सरकार पैसा खर्च करी, काळ्या मुलांच्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडा येई. शाळा भरायची ती चर्चमध्ये, नाहीतर गळक्या खोपटात. वर्षातले चार-पाच महिनेच, कारण बाकीच्या दिवसांत पोरं कापूस वेचायला लागत.

याच लोकांमधले बुकर टी. वॉशिंग्टन. गुलाम म्हणून जन्मलेले आणि पुढे अलाबामा राज्यात टस्कीगी इथे मोठी संस्था काढणारे. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून आपल्या इमारती बांधल्या. त्यांचं आत्मचरित्र रोझेनवाल्डनी वाचलं होतं. मे १९११ मध्ये शिकागोत दोघांची भेट झाली, आणि त्याच वर्षी रोझेनवाल्ड बायकामुलांना आणि मंडळींना घेऊन आगगाडीने टस्कीगीला गेले. पुढच्या वर्षी ते संस्थेचे विश्वस्त झाले आणि मरेपर्यंत राहिले.

१२ ऑगस्ट १९१२ ला त्यांना पन्नास वर्षं पूर्ण झाली. वाढदिवशी भेटी घ्यायच्या ऐवजी त्यांनी जवळपास सात लाख डॉलर वाटले. शिकागोचं विद्यापीठ, ज्यू अनाथ आणि गरजू, अशा बऱ्याच ठिकाणी ते पैसे गेले. त्यातले पंचवीस हजार टस्कीगीला मिळाले. ते वाटून झाल्यावर थोडी रक्कम शिल्लक राहिली. वॉशिंग्टननी पत्र लिहून विचारलं, हे उरलेले पैसे खेड्यातल्या सहा लहान शाळा बांधायला वापरू का? रोझेनवाल्ड हो म्हणाले. पाच हजार शाळांची सुरुवात ती एवढीशी.

पहिली शाळा १९१३ मध्ये अलाबामातल्या लोचापोका गावी उभी राहिली. खर्च आला ९४२ डॉलर. त्यात रोझेनवाल्डचे ३००. गावच्या कृष्णवर्णीय लोकांनी १५० डॉलर रोख जमवले आणि १३२ डॉलरचं श्रमदान केलं. बाकीचे पैसे गावातल्या गोऱ्या लोकांकडून आले. हिशोब असा खोलीच्या खोली मांडलेला आम्हाला फार आवडला. आपल्या गटाच्या वहीत लिहितो तसाच.

इथे त्यांची अट समजून घ्यायला हवी. सगळे पैसे ते कधीच देत नसत. आधी गावाने आपला वाटा उभा करायचा, मग ते आपला घालणार. शहरांत कृष्णवर्णीय तरुणांसाठी ख्रिस्ती वसतिगृहं बांधायलाही त्यांनी हीच रीत ठेवली होती. जे शहर पंचाहत्तर हजार जमवेल त्याला माझे पंचवीस हजार. एक ज्यू माणूस ख्रिस्ती संस्थेला पैसे देतोय, याचं लोकांना तेव्हा नवल वाटलं होतं.

गावच्या शाळेला आणखीही अटी होत्या. किमान दोन एकर जागा हवी, म्हणजे मुलांना खेळायला मिळेल. बाकं हवीत, फळा हवा. मुलामुलींसाठी स्वच्छ अशी दोन वेगळी शौचालयं हवीत. लक्षात घ्या, ही शंभर वर्षांपूर्वीची अट. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे जमीन आणि इमारत सरकारी शाळा मंडळाच्या नावावर करून द्यायची. वरवर पाहता हे विचित्र वाटतं. आपण घाम गाळून बांधायचं आणि सरकारच्या नावे करायचं? पण त्यातली मेख अशी, की एकदा शाळा सरकारची झाली की मास्तरांचा पगार आणि देखभाल सरकारच्या गळ्यात पडते. ज्या सरकारला ही पोरं नकोशी होती, त्याच्याच दप्तरात ती नोंदवून घ्यायची ही युक्ती होती.

इमारतीचे नकाशे पहिल्यांदा टस्कीगीत तयार झाले. रॉबर्ट टेलर नावाचे कृष्णवर्णीय वास्तुकार त्यात पुढे होते. खेड्यात वीज नव्हती, म्हणून उंच खिडक्यांची ओळच्या ओळ ठेवायची. बाकं अशी मांडायची की उजेड मुलांच्या डाव्या बाजूने यावा. म्हणजे उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली पाटीवर पडत नाही. दोन वर्गांच्या मधली भिंत सरकती, बाजूला केली की गावाच्या सभेला मोठी खोली तयार. एवढा बारकाईचा विचार गरिबाच्या शाळेसाठी कुणी केला होता, हे कळल्यावर आमच्यातल्या एक निवृत्त अंगणवाडी सेविका गप्पच झाल्या.

मग गावाचा वाटा कुठून आला? तो बायांनी उभा केला. म्हणजे पुरुषांनी झाडं तोडली, लाकूड कापलं, भिंती उभ्या केल्या, काहींनी आपली जमीन दिली. पण रोकड जमवायचं काम बहुतेक ठिकाणी बायांच्या हातात होतं. दिवसभर कापूस वेचून एक डॉलरही पदरात न पडणाऱ्या बायका त्या. त्यांनी कोंबड्या विकल्या, अंडी विकली. मासे तळून विकले. डब्यांचे लिलाव केले. बायांनी घरून जेवण रांधून डबे सजवून आणायचे, पुरुषांनी त्यावर बोली लावायची, आलेले पैसे शाळेला. काही गावांनी शेतातला एक तुकडाच शाळेसाठी राखून ठेवला. त्यात पिकेल तो कापूस शाळेचा. त्या तुकड्याला लोक ‘रोझेनवाल्डचं वावर’ म्हणत.

अलाबामातल्या बोलिगी गावाची हकीकत तर ऐकताना अंगावर काटा येतो. त्या वर्षी कापसाची बोंडं पोखरणाऱ्या सोंडकिड्याने पीक खाऊन टाकलं होतं. आपल्याकडे बोंडअळी, तसा तिकडे तो सोंडकिडा. लोकांकडे काहीच नव्हतं. तरी शाळेच्या वर्गणीसाठी सभा भरली. गुलामीत जन्मलेला एक म्हातारा पुढे आला आणि त्याने एक जुनी मळकी पिशवी टेबलावर रिकामी केली. चिल्लर आणि नोटा मिळून अडतीस डॉलर, त्याची जन्माची पुंजी. आपल्या नातवंडांच्या लेकरांना तरी संधी मिळावी म्हणून आपलं सगळं देतोय, असं तो म्हणाला. त्या सभेत तेराशे डॉलर जमले.

या कामात गावोगाव फिरणाऱ्या काही शिक्षिका होत्या, त्यांचंही नाव घेतलं पाहिजे. त्यांना जीन्स शिक्षिका म्हणत. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅना जीन्स नावाच्या एका बाईने कृष्णवर्णीयांच्या खेड्यातल्या शाळांसाठी दहा लाख डॉलर दिले होते. त्या पैशातून या शिक्षिकांचा पगार निघे. पहिल्या जीन्स शिक्षिका व्हर्जिनिया रँडॉल्फ, व्हर्जिनिया राज्यातल्या. १९०८ मध्ये त्यांनी काम सुरू केलं. एकेकीकडे कितीतरी शाळा असत. त्या मास्तरांना शिकवायच्या, आयांच्या बैठका घ्यायच्या, शिवण आणि घरची स्वच्छता शिकवायच्या, सुट्टीत मुलींना भाज्या-फळं डब्यात टिकवून ठेवायला शिकवायच्या. आणि शाळेची वर्गणी जमवायला याच पुढे. रोझेनवाल्डच्या चेकवर सही त्यांची असली, तरी गाव जागं केलं ते या बायांनी. पुस्तकांत मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांची नावं उरली आहेत.

वॉशिंग्टन १९१५ मध्ये वारले, पण काम थांबलं नाही. १९१७ मध्ये रोझेनवाल्डनी या कामासाठी निधीच स्थापन केला. १९३२ पर्यंत दक्षिणेतल्या पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. त्याशिवाय शिक्षकांची २१७ घरं आणि कामकाज शिकवायच्या १६३ कार्यशाळा. एकूण साडेसहा लाखांहून जास्त मुलांची सोय झाली. काही ठिकाणी शाळा पेटवून देण्यात आल्या. लोकांनी पुन्हा वर्गणी काढून पुन्हा बांधल्या.

आता तो हिशोब. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात सरकारी करातून आलेले १ कोटी ८१ लाख. गोऱ्या लोकांच्या देणग्या १२ लाख. रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख. आणि कृष्णवर्णीय लोकांचे ४७ लाख. म्हणजे रोझेनवाल्डपेक्षा चार लाख जास्त. आणि लिलावाच्या डब्यांसाठी बायांनी पहाटे उठून जे रांधलं, त्याची मजुरी या आकड्यात कुणी धरली नसणार, एवढं आम्ही खात्रीने सांगतो.

इथेच आमच्या गटात वाद झाला. एकीचं म्हणणं असं, की हे अन्यायाचं झालं. या लोकांनी कर आधीच भरलेला होता. त्या करातून गोऱ्यांच्या मुलांच्या शाळा झाल्या. मग आपल्या मुलांच्या शाळेसाठी यांनी पुन्हा खिशातून पैसे काढायचे, म्हणजे एकाच गोष्टीला दोनदा मोल मोजायचं. धनिकाने पूर्ण पैसे दिले असते तर काय बिघडलं असतं? त्यांच्याकडे काही कमी नव्हतं. आणि काळ्यांच्या वेगळ्या शाळा बांधून देण्यापेक्षा सर्वांना एकाच शाळेत बसवण्यासाठी झगडायला हवं होतं, असंही ती म्हणाली. हा आक्षेप तिकडच्या अभ्यासकांनीही घेतला आहे.

दुसरीचं म्हणणं वेगळं. पूर्ण पैसे आले असते तर शाळा रोझेनवाल्डची झाली असती. आपला वाटा घातल्यामुळे ती गावाची झाली. मास्तर आला नाही तर विचारायचा हक्क आला. शिवाय लोक एकदा वर्गणीसाठी एकत्र बसले की दुसऱ्या गोष्टींसाठीही बसतात. नंतर मतदानाच्या हक्कासाठी जी माणसं उभी राहिली, त्यातली कितीतरी याच शाळांतून शिकलेली होती. पुढे खासदार झालेले जॉन लुईस अशाच शाळेत शिकले. लेखिका माया अँजेलो अशाच शाळेत शिकल्या. शिकागोच्या दोन अर्थतज्ज्ञांनी जुन्या नोंदी तपासून दाखवलं आहे, की दक्षिणेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शिक्षणात जी तीनेक वर्षांची दरी होती, ती दोन महायुद्धांच्या मधल्या काळात झपाट्याने घटली, आणि त्यात या शाळांचा मोठा हात होता.

आम्हाला वाटतं, दोघींचंही खरं आहे. अट घालणारा आणि अट पुरी करणारे यांचा अधिकार सारखा नसतो, हे पहिलीने बरोबर ओळखलं. पण अट पुरी करताना जे गावाच्या हाती लागलं ते कुणी देऊन मिळालं नसतं, हेही तितकंच खरं. रोझेनवाल्डना स्वतःला यातलं किती कळत होतं कोण जाणे. ते व्यापारी होते, आणि भागीदाराने भांडवल घातल्याशिवाय धंदा टिकत नाही ही व्यापाऱ्याची समजूत.

घरी हा माणूस साधा होता असं दिसतं. १९११ मध्ये कुटुंब युरोपात गेलं असताना म्युनिक शहरात एक यंत्रांचं संग्रहालय लागलं. तिथे कळ फिरवली की यंत्र चालायचं. आठ-नऊ वर्षांचा धाकटा विल्यम तिथून हलेना. बापाने पाहिलं आणि आपल्या गावच्या पोरांनाही असं हवं, हे त्यांच्या मनात बसलं. पुढे शिकागोत विज्ञान आणि उद्योगाचं संग्रहालय उभं करायला त्यांनी तीस लाख डॉलर देऊ केले. संग्रहालयाला आपलं नाव मात्र लावू दिलं नाही. नावासाठी देणग्या देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. शाळांनाही ते स्वतः होऊन नाव देत नसत. ‘रोझेनवाल्ड शाळा’ हे नाव लोकांनीच पाडलं, आणि कितीतरी वर्गांत त्यांचा फोटो भिंतीवर लागला.

१९२१ मध्ये मंदी आली आणि सिअर्स बुडायला आली, तेव्हा त्यांनी स्वतःचे सुमारे दोन कोटी डॉलर घालून ती वाचवली. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. कर्ज काढून शेअर घेतलेले कंपनीतले लहान नोकर बुडणार होते, त्यांच्या कर्जाला ते स्वतः जामीन राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात ऑगस्टाबाई गेल्या. एकोणचाळीस वर्षांचा संसार. पुढच्या जानेवारीत त्यांनी दुसरं लग्न केलं, ते अडलेड गुडकाइंड यांच्याशी. या बाई कोण? थोरला मुलगा लेसिंग याच्या सासूबाई. म्हणजे विहीणबाईच घरात आल्या! हे वाचून दाखवल्यावर आमच्या बैठकीत पाच मिनिटं दुसरं काही बोलणंच झालं नाही.

६ जानेवारी १९३२ ला ते वारले. निधी त्यांच्या मागे फार काळ चालवायचा नाही, अशी अट त्यांनी घालून ठेवली होती. मुद्दलही खर्च करायचं, आपण गेल्यावर पंचवीस वर्षांच्या आत सगळं संपवायचं. उद्याच्या गरजा उद्याची माणसं बघतील, पैसा साठवून देवघरात ठेवायचा नाही, असं त्यांचं मत होतं. निधीने शाळांसोबत हुशार कृष्णवर्णीय तरुणांना शिष्यवृत्त्याही दिल्या. गायिका मॅरियन अँडरसन त्यातल्याच. १९४८ मध्ये निधीचं दप्तर ठरल्याप्रमाणे बंद झालं. या मालिकेतली शेवटची शाळा १९३७ मध्ये जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे उघडली. तिला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचं, एलिनॉर रूझवेल्ट यांचं नाव दिलं गेलं.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रंगावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. न्याय झाला, पण त्यानंतरच्या वर्षांत या शाळा एकेक करून बंद पडल्या, आणि त्यांत शिकवणाऱ्या कितीतरी कृष्णवर्णीय शिक्षक-शिक्षिकांच्या नोकऱ्या गेल्या. इमारतींत गवत साठवलं गेलं, छपरं पडली. पाच हजारांतल्या पाचशेच्या आसपासच आज उभ्या आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या धोक्यात आलेल्या वारशाच्या यादीत त्यांचं नाव लागलं, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं. आता अनेक ठिकाणी तिथेच शिकलेल्या आज्या आणि शेजारचं चर्च मिळून डागडुजी करतात. कुठे वाचनालय झालंय, कुठे म्हाताऱ्यांचं दुपारचं जेवण तिथे होतं. उंच खिडक्या अजून तशाच आहेत, आणि उजेड डाव्या बाजूनेच येतो.